सही गव्हर्नरची, जबाबदारी लंडनची

ब्रिटिश अमलाखालच्या भूमीवरची शेवटची फाशी २ डिसेंबर १९७७ची, अटलांटिकमधल्या बर्म्युडा या ब्रिटिश वसाहतीतली. खुद्द ब्रिटनमध्ये १३ ऑगस्ट १९६४नंतर कुणी फासावर गेलं नव्हतं. खुनासाठीचा देहदंड तिथे १९६५ साली स्थगित झाला आणि १९६९मध्ये कायमचा गेला. पण तो कायदा वसाहतींना लागू नव्हता. त्यांची दंडसंहिता वेगळी आणि दयेचा अधिकार राणीच्या नावाने गव्हर्नरच्या हाती.

आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने दयेचा अर्ज निकाली काढतात. वसाहतींत रीत निराळी होती. फाशी सुनावली की न्यायाधीशाने खटल्याचा लेखी अहवाल गव्हर्नरला द्यायचा, गव्हर्नरने तो कार्यकारी मंडळापुढे ठेवायचा, सगळ्यांचं ऐकायचं आणि निर्णय मात्र स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा. बहुमताविरुद्ध गेला तर कारणं इतिवृत्तात नोंदवायची. लंडनचा मंत्री सहसा मध्ये पडत नसे. न्यायदानात मोठी चूक दिसली तरच. स्थानिक परिस्थिती गव्हर्नरलाच कळते, ही त्यामागची धारणा.

ब्रिटनमधली फाशी थांबली आणि ही धारणा डळमळली. १९७३ साली हाँगकाँगचे गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी एका खुन्याला दया नाकारली, तरी परराष्ट्रमंत्र्यांच्या सल्ल्यावरून राणीने शिक्षा जन्मठेपेवर आणली. हाँगकाँगमध्ये त्यावरून मोठी नाराजी उसळली. पण त्यानंतर तिथे एकही फाशी झाली नाही.

बर्म्युडात उलट घडलं. मार्च १९७३मध्ये गव्हर्नर रिचर्ड शार्पल्स यांचा त्यांच्याच निवासस्थानी खून झाला होता. त्या खुनात दोषी ठरलेला अर्स्किन बरोज आणि वेगळ्या खुनांत दोषी ठरलेला लॅरी टॅकलिन, या दोघांना दया मिळावी म्हणून बेटावर सह्यांची मोहीम झाली. सल्लागार समितीने दया नको म्हटलं, गव्हर्नरने ते मानलं आणि परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांनी राणीला वेगळा सल्ला दिला नाही. फाशीच्या सुमारास दंगल पेटली, हॉटेलच्या आगीत तिघे गेले, ब्रिटनहून सैनिक आणावे लागले. हाँगकाँगमध्ये जी सवलत एका माणसाला मिळाली ती इथे दोघांना का नाही, याचं पटण्याजोगं उत्तर तेव्हाच्या धोरणात नव्हतं. एकेका प्रकरणात कधी हात घालायचा, कधी नाही, अशा पद्धतीत माणसाचा जीव टांगणीला लागतो.

म्हणून पुढे लंडनने अर्जांऐवजी कायद्यालाच हात घातला. मे १९९१मध्ये कॅरिबियनमधल्या अँग्विला, ब्रिटिश व्हर्जिन बेटं, केमन, माँटसेराट आणि टर्क्स अँड केकोस या पाच प्रदेशांत खुनासाठीची फाशी थेट राजादेशाने, म्हणजे राणीच्या नावाने लंडनहून निघालेल्या हुकमाने, रद्द झाली; स्थानिक विधिमंडळांच्या मतदानाची वाट पाहिली नाही. जास्त स्वायत्त असलेलं बर्म्युडा त्यातून सुटलं. तिथल्या १९९०च्या सार्वमतात बहुमत फाशीच्या बाजूने पडलं होतं. अखेर डिसेंबर १९९९मध्ये बर्म्युडाच्या विधिमंडळाने स्वतःच ती रद्द केली. टर्क्स अँड केकोसमध्ये राजद्रोह आणि चाचेगिरीसाठी देहदंड कायद्यात उरला होता, तो २००२मध्ये गेला.