रीफ टाकीतले मासे नेमके कशावरून भांडतात?

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे हिशोबाने साधारण 190 लिटर, आणि दगड-वाळूने जागा खाल्ली की प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी पाणी. माझी पहिली खाऱ्या पाण्याची रीफ (म्हणजे प्रवाळ-दगडांची) टाकी एवढीच होती आणि त्यात सगळ्यात आधी सोडला तो निळा डॅमसेल मासा. स्वस्त असतो, काटक असतो, दुकानात "आधी हाच टाका, मरत नाही" असं सांगितलं होतं आणि ते खरंच होतं, तो मेला नाही. पण महिन्याभराने मी रॉयल ग्रामा आणला, अर्धा जांभळा अर्धा पिवळा, फार देखणा मासा, आणि दोन दिवसांत तो फिल्टरच्या पाइपमागे वरच्या कोपऱ्यात शेपटी फाटलेल्या अवस्थेत उभा होता. डॅमसेल जेमतेम चार सेंटिमीटरचा, ग्रामा त्याच्याहून मोठा, तरीही! शेवटी सगळे दगड बाहेर काढून डॅमसेल पकडावा लागला, पण ग्रामा काही वाचला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसलीय. आपण माशाला "शांत" किंवा "भांडखोर" असं लेबल लावतो, पण भांडण स्वभावापेक्षा जास्त जागेवरून होतं. प्रवाळाच्या खडकावर राहणाऱ्या छोट्या माशाला एक बीळ, एक फट, शेवाळाचा हातभर तुकडा, एवढं मिळालं तर तो जगतो, नाहीतर रात्री कुणाच्या तरी तोंडात जातो. त्यामुळे ती फट तो जिवावर उदार होऊन राखतो. समुद्रात हरलेला मासा दोन मीटर लांब निघून जातो आणि विषय संपतो. काचेच्या टाकीत मात्र हरलेल्याला जायला जागाच नसते, आणि जिंकलेल्याला दिवसभर तोच समोर दिसत राहतो, म्हणून तो मारतच राहतो.

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तन शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ (1973 चं नोबेल मिळालेले) यांनी 1960 च्या दशकात अशी कल्पना मांडली की रीफवरच्या माशांचे हे पोस्टरसारखे भडक रंग म्हणजे आपल्याच जातीच्या माशाला "ही जागा माझी" असं सांगणारा झेंडा आहे, कारण खाणं तेच, बीळ तेच, तर खरा स्पर्धक आपल्याच जातीचा. कल्पना सुंदर होती, पण पूर्ण बरोबर निघाली नाही. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या एका डॅमसेल जातीचं निरीक्षण केलं, तर तो मासा दुसऱ्या कितीतरी जातींनाही हाकलत होता, पण सरसकट नाही. शेवाळ खाणाऱ्यांना हाकलायचा आणि शेवाळाशी देणंघेणं नसलेल्यांना खुशाल जवळून जाऊ द्यायचा! म्हणजे त्याला कळत होतं की माझ्या ताटात कोण हात घालणार आहे.

मासे निवडताना मी आता रंग नंतर बघतो, आधी विचारतो की हा कुठे राहणार, काय खाणार, आणि टाकीत आधीपासून असलेल्या कुणासारखा दिसतो का. तिन्ही उत्तरं एकाच माशाशी जुळली तर तो मासा कितीही शांत म्हणून विकला जात असला तरी घ्यायचा नाही.

वाळूवर राहणाऱ्यांत माझा सगळ्यात लाडका म्हणजे वॉचमन गोबी, आणि तो पिस्तूल कोळंबीसोबतच घ्यावा. ही कोळंबी बीळ खणते, दिवसभर बुलडोझरसारखी वाळू बाहेर ढकलते, पण तिला नीट दिसत नाही. म्हणून बाहेर आली की तिची एक मिशी गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, काही धोका दिसला की शेपटी थरथरवतो आणि कोळंबी तत्क्षणी आत. तिने घर बांधायचं, त्याने राखायचं. या जोडीला वरच्या पाण्यात काय चाललंय याच्याशी काही कर्तव्य नसतं, म्हणून भांडणंही नाहीत. तासन्‌तास बघत बसावं असं ते दृश्य असतं.

क्लाउनफिशबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण प्रत्येकाला तोच हवा असतो आणि प्रत्येकजण "छान दिसतात म्हणून पाच घेतले" अशी सुरुवात करतो. क्लाउनच्या गटात सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालचा तो नर, बाकीचे सगळे प्रजनन न करणारे छोटे. मादी मेली की नराचीच मादी होते आणि पुढचा छोटा बढती मिळून नर होतो. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत काम करून 2003 साली दाखवलं की रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ अशी आवरून धरतो की वरच्याच्या आणि आपल्या आकारात ठरावीक अंतर राहावं, कारण अंतर कमी झालं तर वरचा त्याला धोका समजून हाकलतो, आणि अ‍ॅनिमोनबाहेर (म्हणजे क्लाउन ज्याच्या डंख मारणाऱ्या हातांत लपून राहतो त्या फुलासारख्या समुद्री जीवाबाहेर) पडलेला क्लाउन म्हणजे शिकार. आता हे टाकीला लावून बघा. सारख्या आकाराचे दोन मोठे क्लाउन आणले तर दोघीही मादी असू शकतात आणि एकीचा जीव जातो. दोन छोटे, एक थोडा मोठा एक थोडा लहान असे आणले, तर ते आपसांत ठरवून घेतात. फक्त दोन. आणि अ‍ॅनिमोन नसला तरी चालतो, तो सांभाळणं हा वेगळाच अभ्यास आहे.

दगडाच्या फटीसाठी रॉयल ग्रामा, एकच. इथे एक धोका आहे. रॉयल डॉटीबॅक नावाचा मासा जवळपास असाच दिसतो, पुढे जांभळा मागे पिवळा, पण ग्रामाचे रंग हळूहळू एकमेकांत मिसळतात आणि डॉटीबॅकचे पट्टीने रेघ मारल्यासारखे तुटतात. ग्रामा कॅरिबियनकडचा आणि बऱ्यापैकी सभ्य, डॉटीबॅक पश्चिम पॅसिफिकचा आणि छोट्या टाकीत फारच तापट. दोघांना फट एकच लागते त्यामुळे एकत्र तर नकोतच.

मधल्या पाण्यात बांगाई कार्डिनल शोभतो, पण एक किंवा खात्रीची जोडी, घोळका नको, कारण जोडी जमली की ती बाकीच्यांना मारते. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपासचा, नर पिल्लं तोंडात वाढवतो आणि तोवर काही खात नाही. शौकासाठी इतके पकडले गेले की 2007 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत टाकलं. म्हणून टाकीतच जन्मलेला मिळत असेल तरच घ्या, ही माझी कळकळीची विनंती. क्लाउनचंही तेच, शिवाय टाकीत वाढलेले मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात. (मालवणला स्नॉर्केलिंगला गेलेल्यांसाठी, तिथलं प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, "एक छोटा तुकडा" सुद्धा आणायचा नाही.)

फायरफिशही चालेल, एक किंवा जोडी, पण तो घाबरला की उडी मारतो, वर बारीक जाळीचं झाकण हवंच.

ट्रिगर, लायनफिश, पफर हे शिकारी मासे या टाकीत नाहीत. फुलपाखरू मासे बहुतेक प्रवाळच कुरतडतात. निळा टँग तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि शेपटीशी सुरीसारखा काटा बाळगतो, तीन फुटात ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हिरवे क्रोमिस थव्याने सुंदर दिसतात, पण छोट्या टाकीत पाच आणले की वर्षभरात एक-एक करत बहुतेक वेळा एक-दोनच उरतात. मँडरिन तर दुसऱ्या जातीच्या कुणाशी भांडतसुद्धा नाही, पण तो दगडावरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपून जगतो, नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो.

आणि मासे सोडायचा क्रम. लोकलमध्ये आधी बसलेल्याला डबा आपला वाटतो तसंच इथे, आधी आलेला मालक. म्हणून सगळ्यात बुजरे आधी. नव्या टाकीच्या पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर आल्यावर आधी गोबी-कोळंबी आणि फायरफिश, मग कार्डिनल, मग ग्रामा, क्लाउन शेवटी, आणि एक सोडल्यावर पुढचा सोडण्याआधी किमान दोन-तीन आठवडे. नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर ठेवायचा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आत आला तर शांतता वगैरे सगळं विसरा. सोडताना दिवे बंद, दोन दगड इकडचे तिकडे, म्हणजे जुन्यांच्याही हद्दी थोड्या पुसल्या जातात. पहिल्या दिवशी पाठलाग होणारच. पाठलाग करणारा ठरावीक ठिकाणाहून परत फिरत असेल तर तो हद्द दाखवतोय, घाबरू नका. टाकीभर मागे लागत असेल तर त्याच दिवशी एकाला काढा, उद्यावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा मासा खायला बाहेर आला का ते बघा. तो इतरांसमोर येऊन खात असेल तर त्याला जागा मिळाली.