नोव्हेल क्लायंट काढून टाकणे

नेटवेअर सर्व्हरशी जोडणी करून देणारे नोव्हेल कंपनीचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोज डेस्कटॉपवरून पूर्णपणे उतरवून त्या संगणकाची मूळ लॉगिन व नेटवर्क व्यवस्था पूर्ववत करण्याची प्रक्रिया. हे सॉफ्टवेअर साध्या उपयोजनांसारखे एका फोल्डरपुरते राहत नाही. ते लॉगिनच्या पहिल्या पायरीत शिरलेले असते. त्यामुळे त्याच्या फायली हाताने पुसणे हा चुकीचा आणि धोक्याचा मार्ग ठरतो.

अमेरिकेतील युटा राज्यातल्या नोव्हेल कंपनीने १९८३ मध्ये नेटवेअर बाजारात आणले. फायली व प्रिंटर एका सर्व्हरवर ठेवून ते अनेक संगणकांना वापरू देणे हे त्याचे काम होते. वापरकर्त्याच्या संगणकावर चालणारा क्लायंट सर्व्हरवरील जागा बहुधा ‘एफ’ ड्राइव्ह म्हणून दाखवत असे. १९९३ मधील चौथ्या आवृत्तीपासून वापरकर्त्यांची नावे व पासवर्ड नोव्हेलच्या सामाईक निर्देशिकेत आले आणि १९९८ च्या पाचव्या आवृत्तीने नेटवर्कवरील संवादाच्या जुन्या आयपीएक्स शिष्टाचाराऐवजी थेट इंटरनेटच्या टीसीपी/आयपी शिष्टाचारावर काम करण्याची सोय दिली. भारतातही नव्वदच्या दशकात कार्यालयांत नेटवेअर वापरले जाई आणि संगणक प्रशिक्षण वर्गांत ते शिकवले जाई. पुढे विंडोज सर्व्हरचा प्रसार झाला आणि नेटवेअर मागे पडले. सर्व्हर बंद झाले तरी अनेक डेस्कटॉपवर क्लायंट मात्र तसाच राहिला. असा संगणक सुरू होताना लाल ‘एन’ चिन्हाची लॉगिन-चौकट येते, नसलेल्या सर्व्हरचा शोध घेतला जातो आणि नेटवर्कवरील फोल्डर उघडायला विलंब लागतो; कारण विंडोज नोंदवलेल्या प्रत्येक नेटवर्क-पुरवठादाराला, म्हणजे नेटवर्कशी जोडून देणाऱ्या घटकाला, ठरलेल्या क्रमाने विचारते.

विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी यांमध्ये लॉगिनची चौकट दाखवणे व पासवर्ड तपासण्यासाठी पुढे पाठवणे हे काम ‘जिना’ नावाचा घटक करतो. मायक्रोसॉफ्टचा मूळ घटक एमएसजिना.डीएलएल या फायलीत असतो. नोव्हेल क्लायंट बसवताना त्याच्या जागी एनडब्ल्यूजिना.डीएलएल येते आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या नोंदसंग्रहातील, ‘विनलॉगऑन’ या कळीखाली तिचे नाव लिहिले जाते. ही नोंद शिल्लक असताना फाइल नाहीशी झाली, तर लॉगिन-घटक सापडत नसल्याचा संदेश येतो आणि वापरकर्ता आत शिरू शकत नाही. ‘शेवटची चालू मांडणी’ हा प्रारंभीचा पर्याय येथे उपयोगी पडत नाही, कारण तो रजिस्ट्रीचा ‘सिस्टिम’ विभागच पूर्ववत करतो आणि ही नोंद ‘सॉफ्टवेअर’ विभागात असते. अशा वेळी मूळ विंडोज सीडीवरून रिकव्हरी कन्सोल हे दुरुस्तीचे आज्ञा-पटल उघडून एमएसजिना.डीएलएलची प्रत हरवलेल्या फायलीच्या नावाने ठेवणे, मग आत जाऊन नोंद दुरुस्त करणे, हा तंत्रज्ञांचा जुना उपाय आहे. बोटाच्या ठशाचे उपकरण किंवा दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर यांनीही स्वतःचा जिना बसवलेला असेल, तर नंतर बसवलेले आधी काढावे लागते; प्रत्येक जण आपल्या आधीच्या घटकाचे नाव लक्षात ठेवून काम त्याच्याकडे सोपवत असतो.

काढण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे संगणकावरच्या स्थानिक प्रशासक-खात्याचा पासवर्ड माहीत असल्याची खात्री. लॉगिन-चौकटीतील ‘फक्त वर्कस्टेशन’ हा पर्याय निवडून त्या खात्याने एकदा प्रत्यक्ष आत शिरून पाहणे हीच खरी कसोटी होय. ज्या कार्यालयांत झेनवर्क्स हे नोव्हेलचे संगणक-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरात होते, तेथे वापरकर्त्याचे स्थानिक खाते लॉगिनच्या वेळी आपोआप तयार होत असे आणि काही मांडण्यांत ते बाहेर पडताना पुसलेही जात असे. तेथे क्लायंट काढल्यावर कर्मचाऱ्याला आपले खातेच सापडत नाही. म्हणून त्याच्या डेस्कटॉपवरील व ‘माय डॉक्युमेंट्स’मधील फायली आधीच दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

प्रत्यक्ष कृती छोटी आहे. एक्सपीवर प्रशासक म्हणून आत गेल्यावर नेटवर्क जोडणीचे गुणधर्म उघडून यादीतील नोव्हेल क्लायंट निवडावा, ‘अनइन्स्टॉल’ दाबावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. यादीत नावापुढची नुसती खूण काढल्याने क्लायंट त्या एका जोडणीपासून सुटतो, पण लॉगिन-घटक जागीच राहतो. एनएमएएस (ओळख तपासणारा) व एनआयसीआय (सांकेतिकीकरणाचा) हे सोबतचे घटक प्रोग्रॅम काढण्याच्या यादीत स्वतंत्रपणे दिसतात. नोव्हेलचे दुसरे एखादे साधन वापरात असेल, तर त्यांना हात लावू नये. आयपीएक्स लागत नसल्यास तोही त्याच गुणधर्म-यादीतून काढता येतो.

रीस्टार्टनंतर विंडोजची स्वतःची चौकट दिसली म्हणजे मुख्य काम झाले. तरीही एक्सपीचे स्वागत-पटल परत येत नसेल, तर मायक्रोसॉफ्टची स्वतःची नेटवेअर क्लायंट सेवा बसवलेली आहे का ते पाहावे; तीही ते पटल बंद ठेवते आणि ती काढण्याची जागा तीच गुणधर्म-यादी आहे. नेटवर्क अजूनही मंद असेल, तर रजिस्ट्रीतील पुरवठादारांच्या क्रमात नोव्हेलचे नाव उरले आहे का ते तपासावे. रजिस्ट्रीत बदल करण्याआधी त्या कळीची प्रत काढून ठेवणे आवश्यक आहे.

विंडोज ९५ व ९८ मध्ये जिना नसतो, त्यामुळे तेथे बाहेर अडकण्याचा धोका फारच कमी असतो. मात्र नेटवर्क-घटक बदलताना मूळ सीडीवरील फायली मागितल्या जातात, म्हणून ती हाताशी हवी. शेवटी ‘प्राथमिक नेटवर्क लॉगऑन’ या जागी विंडोज लॉगऑन निवडावे लागते.

व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने जिना ही रचना रद्द केली. तिच्या जागी एकमेकांशेजारी नांदू शकणारे ओळख-पुरवठादार, म्हणजे लॉगिनची माहिती घेणारे घटक, आले. नोव्हेलचा पुढचा क्लायंट त्यांपैकीच एक म्हणून बसतो, आणि तो काढताना काही बिघडले तरी विंडोजचा स्वतःचा पुरवठादार लॉगिनसाठी उपलब्ध राहतो.