घरगुती कॅमेऱ्यांची दूरस्थ जोडणी

घरात बसवलेल्या सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्र बाहेर असताना मोबाइलवर किंवा संगणकावर पाहता यावे, म्हणून घरच्या राउटरमधून केलेली व्यवस्था. कॅमेरे थेट नेटवर्कला जोडलेले असोत, की डीव्हीआर किंवा एनव्हीआर या रेकॉर्डरच्या मागे असोत, बाहेरून येणाऱ्याला आधी राउटर ओलांडावा लागतो. म्हणूनच चित्र दिसत नाही अशी तक्रार कॅमेऱ्याच्या नावाने होते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा राउटरमध्ये सापडते.

दाराशी कोण आहे ते आतून पाहण्याची कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये घरगुती टेहळणी यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते पेटंट मंजूर झाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर झरोके, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत चित्र दाखवणारा टीव्ही अशी ती रचना होती. चित्र घराच्या भिंतींबाहेर मात्र जात नव्हते. ते जाऊ शकते हे केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत दिसले. ट्रोजन रूममधल्या कॉफीच्या भांड्यावर १९९१ मध्ये रोखलेला कॅमेरा नोव्हेंबर १९९३ मध्ये वेबशी जोडला गेला आणि ऑगस्ट २००१ पर्यंत चालू राहिला. स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, असलेला, बाजारात विकला गेलेला पहिला नेटवर्क कॅमेरा स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये आणला.

राउटर आडवा का येतो

इंटरनेटचा जुना, अजूनही सर्वत्र चालणारा पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात आणि जगातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला ते पुरत नाहीत. यावर १९९४ मध्ये नॅट हा तोडगा मांडला गेला. सगळ्या घराला मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यायचा आणि आतल्या उपकरणांना खासगी पत्ते वाटायचे. १९२.१६८ ने सुरू होणारे, घरोघर दिसणारे पत्ते १९९६ च्या मानकाने खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटांपैकी एका गटातले आहेत. कितीही घरांत एकच पत्ता असला तरी बिघडत नाही, कारण तो घराबाहेर कोणालाच माहीत नसतो.

आतल्या फोनने एखादे संकेतस्थळ उघडले की राउटर आपल्या तक्त्यात नोंद करतो: या फोनच्या या पोर्टवरून (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या कामांना दिलेल्या क्रमांकावरून) ही विचारणा गेली. उत्तर आले की तक्ता पाहून ते त्याच फोनकडे धाडतो. बाहेरून कोणी आपणहून आले, तर तक्त्यात त्याची नोंद नसते. कोणाकडे पाठवायचे हे राउटरला ठाऊक नाही, म्हणून तो ते पाकीट, म्हणजे आलेला माहितीचा तुकडा, टाकून देतो. पत्त्यांची टंचाई भागवण्यासाठी आलेल्या या युक्तीने घरांना नकळत एक कुंपण मिळाले. दूरस्थ जोडणी म्हणजे या कुंपणाला वाट ठेवणे, आणि ती वाट मालकाखेरीज आणखी कोणाला सापडेल हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

पोर्ट फॉरवर्डिंग

सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वाधिक सांगितली जाणारी पद्धत हीच. आधी रेकॉर्डरचा आतला पत्ता पक्का करावा लागतो. राउटर पत्ते वाटताना ते बदलू शकतो, म्हणून त्याच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये रेकॉर्डरच्या मॅक पत्त्यासमोर, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासमोर, एक पत्ता राखून ठेवतात. मग नियम लिहितात: बाहेरून ८०८० या पोर्टवर येईल ते आतल्या १९२.१६८.१.१०८ च्या ८० या पोर्टकडे, टीसीपी या पद्धतीने. नियम एवढाच. राउटर ही ओळ तक्त्यात कायमची ठेवतो आणि बाहेरून आलेल्या पाकिटाला प्रथमच ठिकाण मिळते. वेबपानासाठी ८०, सुरक्षित वेबपानासाठी ४४३ आणि व्हिडिओ प्रवाहाच्या आरटीएसपी या पद्धतीसाठी ५५४ हे ठरलेले पोर्ट आहेत. मोबाइल ॲपसाठी बहुतेक उत्पादक आपला वेगळा पोर्ट ठेवतात आणि तो रेकॉर्डरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो.

नियम बरोबर लिहूनही चित्र येत नाही, तेव्हा पुन्हापुन्हा त्याच दोन-तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे चाचणी घरच्या वायफायवरूनच केलेली असते. आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याकडे वळून येणे प्रत्येक राउटरला जमत नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे, तेव्हा खरे काय ते कळते. दुसरी म्हणजे घराचा सार्वजनिक पत्ता बदललेला असतो. त्यावर डायनॅमिक डीएनएस हा उपाय आहे. पत्ता बदलला की राउटर किंवा रेकॉर्डर ते एका सेवेला कळवतो आणि मालक आकड्यांऐवजी एक कायमचे नाव वापरतो.

तिसरी अडचण सेटिंगने सुटत नाही. जागतिक पातळीवर पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेकडचे शिल्लक गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले. त्यानंतर अनेक इंटरनेट कंपन्यांनी कित्येक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देणे सुरू केले. म्हणजे घरच्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक नॅट बसला, आणि त्याच्यावर ग्राहकाचा हात पोहोचत नाही. हे ओळखायला मिनिटभर पुरते. राउटरच्या स्थितीच्या पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहायचा. दोन्ही वेगळे असले आणि वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असला, तर तो कंपनीच्या नॅटचाच. एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा खास त्यासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगची कितीही खटपट केली तरी ती वाया जाते. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागावा किंवा पद्धत बदलावी. वॅन पत्ता १९२.१६८ चा दिसला, तर बहुधा घरातच एकामागे एक दोन राउटर लागलेले आहेत. त्यांपैकी एकाला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नॅट न करता नुसते पुढे पाठवण्याच्या स्थितीत, टाकले की काम होते.

यूपीएनपी ही राउटरमधली सोय सुरू असेल तर हा नियम लिहिण्याची गरजही उरत नाही. रेकॉर्डर स्वतःच राउटरला पोर्ट उघडायला सांगतो आणि राउटर न विचारता उघडतो. सोय मोठी वाटते, पण घराचे दार कोणी कधी उघडले हे घरमालकालाच कळत नाही. राउटरमधले यूपीएनपी बंद ठेवणे हेच योग्य.

उघड्या पोर्टवर कोण येते

घराचा पत्ता कोणाला ठाऊक नाही, मग कोण येणार, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले. एक साधा संगणक आणि गिगाबिट जोडणी एवढ्यावर ते ३२ बिटांच्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवरचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासते. इंटरनेटला जोडलेली उपकरणे शोधून देणारे शोडान हे शोधयंत्र तर २००९ पासून चालू आहे. तेव्हा ८० ऐवजी ५४३२१ असा आडवळणाचा पोर्ट ठेवल्याने फार तर येणाऱ्यांची गर्दी थोडी कमी होते, दार उघडे ते उघडेच राहते.

मिराई या नावाच्या घातक प्रोग्रॅमने २०१६ मध्ये याचा पुरावा दिला. टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) उघडे असलेली उपकरणे शोधायची आणि कारखान्यातून आलेल्या सुमारे ६० नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून वापरून पाहायच्या, एवढेच त्याचे तंत्र होते. त्याला सापडलेल्या उपकरणांत आयपी कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांचा भरणा होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने डिन या डीएनएस कंपनीवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर, हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा लक्षावधी लोकांना कित्येक तास नीट मिळाल्या नाहीत. कॅमेऱ्यांच्या मालकांना याची खबरही नव्हती, कारण घरचे चित्र नेहमीसारखे दिसतच होते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. मिराई फक्त उपकरणाच्या मेमरीत राहत असे, त्यामुळे वीज बंद करून सुरू केली की तो जाई, पण पासवर्ड तोच ठेवला तर थोड्याच वेळात परत येई.

पासवर्ड बदलणे म्हणून आवश्यक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. साध्या एचटीटीपीवर चालणाऱ्या वेबपानात चित्र सांकेतिक रूपात जात नाही. शिवाय नामांकित उत्पादकांच्या फर्मवेअरमध्येही (उपकरणातल्या मूळ प्रोग्रॅममध्येही) असे दोष सापडलेले आहेत की पासवर्ड न विचारता आत शिरता येते. उत्पादक सुधारित फर्मवेअर काढतो, ते चढवायचे राहून जाते, आणि भिंतीवरचे उपकरण वर्षानुवर्षे जुन्याच दोषासह चालू राहते. कॅमेऱ्याचे किंवा रेकॉर्डरचे पान थेट इंटरनेटवर ठेवू नये, मग पासवर्ड कितीही अवघड असो.

उत्पादकाच्या सर्व्हरमार्गे

आज सर्वाधिक घरांत वापरली जाते ती रेकॉर्डरचा क्यूआर कोड ॲपने टिपण्याची पद्धत. इथे राउटरमध्ये काहीच करावे लागत नाही. रेकॉर्डर आतून बाहेर उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडणी करून ठेवतो, मोबाइल ॲपही तिथेच येते, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमल्यास दोघांमध्ये थेट वाट तयार होते, नाहीतर सगळा व्हिडिओ सर्व्हरवरूनच फिरतो. इंटरनेट कंपनीच्या नॅटमागेही हे चालते, हा मोठाच गुण. बदल्यात घराच्या चित्राची चावी उत्पादकाकडच्या खात्यात जाते. खाते फुटले, की कॅमेरा फुटला. द्विस्तरीय पडताळणीची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. सर्व्हर एखाद दिवशी बंद झाले तर बाहेरून पाहणेही थांबते, मग घरातला रेकॉर्डर धडधाकट का असेना.

व्हीपीएन

तिसरी पद्धत थोडी मेहनतीची आहे, पण विचाराने सर्वांत सरळ. कॅमेरा बाहेर मांडण्याऐवजी मालकाचा फोनच घरच्या नेटवर्कमध्ये आणायचा. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली सांकेतिक खासगी वाट, जोडले की फोन कुठेही असो, तो जणू घरच्या वायफायवर असतो आणि १९२.१६८.१.१०८ हा आतला पत्ता थेट उघडतो. अनेक राउटरमध्ये ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड तयार मिळते. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झालेले वायरगार्ड पासवर्डऐवजी चाव्यांच्या जोड्यांवर चालते. राउटरवर एकच यूडीपी पोर्ट लागतो, साधारणपणे ५१८२०. त्या पोर्टवर ओळखीची चावी नसलेले पाकीट आले तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. पोर्ट धुंडाळणाऱ्याला तिथे काही आहे याचा मागमूसही लागत नाही. इंटरनेट कंपनीच्या नॅटमागे हे थेट जमत नाही. तिथे वायरगार्डवरच आधारलेल्या टेलस्केलसारख्या मध्यस्थ सेवा किंवा भाड्याचा एखादा सर्व्हर लागतो.

एक खाचखळगा आधीच सांगून ठेवायला हवा. पाहुणे म्हणून गेलेल्या ठिकाणचे नेटवर्कही १९२.१६८.१ चेच असेल, तर फोनला घरचा १०८ कोणता आणि इथला कोणता हे कळत नाही आणि जोडणी होऊनही चित्र येत नाही. व्हीपीएन लावण्याआधी घरचे नेटवर्क १९२.१६८.७३ अशा विरळा गटावर हलवले, तर हा घोटाळा सहसा होत नाही.

१२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यांत टंचाई नाही, प्रत्येक कॅमेऱ्याला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. नॅटचे कुंपण तिथे नसते, राउटरची फायरवॉल (नको ती पाकिटे अडवणारी सोय) तेवढी असते. ती चालू आहे याची खात्री करून घ्यावी.

वेग, घड्याळ आणि वेगळे नेटवर्क

बाहेरून पाहताना घरच्या जोडणीचा अपलोड वेग लागतो, डाउनलोडचा नव्हे. एच.२६४ या व्हिडिओ आटोपशीर करण्याच्या पद्धतीतला १०८० रेषांचा एक प्रवाह साधारण २ ते ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) खातो. असे चार एकदम उघडले आणि अपलोड ५ चाच असला, तर चित्र अडकणारच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यासाठीच बहुतेक कॅमेऱ्यांत मुख्य प्रवाहाबरोबर हलका उपप्रवाहही असतो. मोबाइलवर तो निवडावा आणि पूर्ण स्पष्टतेचे चित्रण घरातल्या रेकॉर्डरवर साठू द्यावे.

राउटरमध्ये सोय असेल तर कॅमेऱ्यांना वेगळे नेटवर्क देऊन त्यांचे बाहेर जाणेच बंद करता येते. व्हीपीएनबरोबर ही रचना उत्तम जमते. फक्त मग कॅमेऱ्याला इंटरनेटवरून वेळ मिळत नाही, घड्याळ हळूहळू सरकते, आणि महिन्यांनी एखाद्या प्रसंगाचे चित्रण काढावे तर त्यावरची वेळ चुकलेली असते. वेळ देण्याचे काम राउटरकडे किंवा रेकॉर्डरकडे सोपवावे.

कायदा

सर्वांना एकच ठरावीक पासवर्ड देण्याच्या प्रथेला कायद्याने आळा बसू लागला आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनचा २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. घरमालकालाही बंधने आहेत. घरावर लावलेला कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल, तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने ११ डिसेंबर २०१४ रोजी दिला.

देखभाल

घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे, आणि मुख्य खाते रोजच्या पाहण्यासाठी वापरू नये. फोन हरवला तर त्याची व्हीपीएन चावी राउटरमधून त्याच दिवशी काढता येते, बाकीच्यांच्या चाव्यांना धक्का लागत नाही. रेकॉर्डर बदलताना जुन्याची डिस्क पुसतात, त्याच्यासाठी राखलेला पत्ताही सोडतात, पण राउटरमधला पोर्टचा नियम तसाच विसरला जातो. काही महिन्यांनी १०८ हा आकडा मोकळा समजून राउटर तो दुसऱ्याच कशाला देतो, कधी फायली साठवणाऱ्या डिस्कला, कधी प्रिंटरला, आणि बाहेरून ८०८० वर येणारा त्या उपकरणापाशी जाऊन पोहोचतो.