दोन गर्डरांमधले १५ सेंटिमीटर

पुलाचे काम चालू असताना बघ्यांची गर्दी जमते ती गर्डर चढवताना. रात्री रस्ता बंद करून, दिव्यांच्या झोतात, कित्येक टनांची काँक्रीटची तुळई क्रेन अलगद उचलते आणि खांबांवरच्या बेअरिंगवर टेकवते. हे दृश्य मोठे देखणे असते, पण वेळेच्या हिशेबात त्याचा वाटा फार थोडा आहे. कारखान्यातून तयार होऊन आलेले गर्डर एक-दोन रात्रींत बसवून होतात आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्या पुलावरून एकही वाहन जात नाही. गर्डर जागेवर बसले म्हणजे पूल झाला असे नसते. शेजारशेजारचे गर्डर एकमेकांत इतके घट्ट गुंतले पाहिजेत की एकावर आलेला भार सर्वांनी मिळून उचलावा. पूल किती लवकर खुला होईल हे क्रेनच्या ताकदीपेक्षा या सांध्यावर अधिक ठरते.

आपल्याकडे सर्रास दिसणारी पद्धत अशी आहे: आय आकाराचे गर्डर काही अंतराने ठेवायचे, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शटरिंग लावायचे, त्यावर सळयांची जाळी बांधायची आणि सगळ्यावर मिळून एकच स्लॅब ओतायचा. हा स्लॅबच गर्डरांना एकत्र बांधतो. पद्धत खात्रीची आहे, परंतु शटरिंग, सळई, ओतकाम आणि क्युरिंग ही सगळी कामे जागेवर, एकामागून एकच व्हावी लागतात. ज्यांना हा काळ वाचवायचा होता त्यांनी गर्डरचा वरचा पंख इतका रुंद केला की तोच स्लॅबचे काम करील. असे गर्डर पंखाला पंख लावून ठेवले की रस्त्याचा पृष्ठभाग जवळजवळ तयारच होतो, आणि भरायच्या उरतात त्या फक्त दोन पंखांमधल्या लांबच लांब फटी.

दुखणे या फटींतच होते. ट्रकचे चाक एका गर्डरवर आले की तो किंचित वाकतो, शेजारचा तितका वाकत नाही, आणि दोघांमधल्या सांध्याला दर खेपेस खालीवर ओढ बसते. दुपारी उन्हाने पुलाचा वरचा भाग तापून प्रसरण पावतो आणि सावलीतला खालचा भाग थंड राहतो, त्याचाही ताण सांध्यावर येतो. जुन्या पुलांत ही फट अरुंद खाच ठेवून सिमेंटच्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ लगद्याने, भरत असत. ग्राउट आकसतो, गर्डरच्या गुळगुळीत बाजूपासून सुटतो, आणि काही वर्षांत वरच्या डांबरावर गर्डरांच्या कडांबरोबर सरळ रेषेत भेगा उमटू लागतात. त्या भेगांतून पाणी खाली उतरते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे उतरणारे पाणी खारट असते, आणि ते प्रीस्ट्रेस्ड गर्डरच्या प्राणावरच, म्हणजे आतल्या ताणलेल्या पोलादी तारांवर घाला घालते. २७ डिसेंबर २००५ रोजी पेनसिल्व्हेनियात आय-७० या महामार्गावरून जाणाऱ्या लेक व्ह्यू ड्राइव्हच्या पुलाची कडेची पेटीसारखी पोकळ तुळई मधोमध मोडून खालच्या रस्त्यावर पडली. तिच्यातल्या तारा गंजलेल्या निघाल्या. गर्डरला गर्डर लावून बांधलेल्या पुलांच्या सांध्यांकडे आणि त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याकडे पुढच्या काळात गांभीर्याने पाहिले गेले, त्यामागे या घटनेचा धसका आहे असे मला वाटते.

मग फट रुंद करून, दोन्ही बाजूंनी सळया बाहेर काढून, त्या एकमेकींवर चढवून साधे काँक्रीट का ओतू नये? ओतता येते, पण सळईला काँक्रीटमध्ये पकड बसण्यासाठी पुरेशी लांबी लागते. आपल्या आयएस ४५६ या संहितेप्रमाणे हिशेब केला, तर एम ३० प्रतीच्या काँक्रीटमध्ये फे ५०० प्रतीच्या सळईला तिच्या व्यासाच्या सुमारे ४५ पट लांबी द्यावी लागते. १६ मिलिमीटरच्या सळईसाठी ती ७२५ मिलिमीटरच्या आसपास येते. इतकी रुंद पट्टी म्हणजे पुन्हा शटरिंग आले, जाळी आली, आणि वाचवलेला वेळ परत गेला. सळया यू आकारात वाकवल्या तर पट्टी अरुंद करता येते, परंतु मग गर्डर खाली उतरवताना एकाच्या कड्या दुसऱ्याच्या कड्यांत अडकतात, आणि अधांतरी लटकणाऱ्या गर्डरखाली पहारीने सळया सरळ करत बसण्याची वेळ येते.

पकडीला इतकी लांबी का लागते, ते समजून घेण्याजोगे आहे. सळईच्या अंगावर उंचवटे असतात. सळई ओढली गेली की ते उंचवटे पाचरीसारखे काम करून भोवतीचे काँक्रीट आतून फाडू पाहतात, आणि ताण सोसण्यात काँक्रीट मुळातच दुबळे असल्यामुळे सळई निसटण्याआधी काँक्रीट उभे फुटते. म्हणून भार लांबवर वाटून द्यावा लागतो. हे फाटणेच रोखता आले, तर लांबी आपोआप कमी होईल. यूएचपीसी, म्हणजे अति-उच्च-कार्यक्षम काँक्रीट, नेमके हेच करते.

या काँक्रीटमध्ये खडी नसते. सिमेंट, सिलिका फ्यूम (सिमेंटहूनही कितीतरी बारीक पूड), बारीक वाळू, दळलेले क्वार्ट्झ, अगदी थोडे पाणी, ते थोडे पाणी पुरवून वापरणारे रसायन आणि पोलादाचे तंतू इतकेच घटक. मोठ्या कणांमधल्या पोकळ्या लहान कणांनी आणि त्यांच्यामधल्या त्याहून लहान कणांनी भरल्यामुळे घट्टपणा इतका येतो की त्याची दाब सोसण्याची ताकद १५० मेगापास्कलच्या घरात जाते. एम ३० काँक्रीटची ती ३० असते. पण सांध्याच्या दृष्टीने खरी करामत तंतूंची आहे. एकेक तंतू साधारण १३ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर जाड, म्हणजे केसापेक्षा दोन-तीन पट जाड, आणि एकूण घनफळाच्या २ टक्के. गुणाकार करून पाहिला तर एका लिटरच्या मापात असे सुमारे ४९ हजार तंतू भरतात. सळईभोवती भेग उघडायला लागली की तिच्या वाटेत शेकडो टाके आधीच घातलेले असतात. त्यामुळे सळईला व्यासाच्या ४५ पटीऐवजी साधारण ८ पट लांबी पुरते, म्हणजे १६ मिलिमीटरच्या सळईसाठी १२८ मिलिमीटर. सळया सरळच ठेवता येतात, दोन्ही बाजूंच्या सळया कंगव्याच्या दातांसारख्या एकाआड एक येतात, आणि सारा सांधा १५ सेंटिमीटरच्या पट्टीत मावतो.

न्यूयॉर्क राज्याच्या परिवहन विभागाने २००९ मध्ये लायन्स गावाजवळच्या राज्यमार्ग ३१ वरील पुलात रुंद पंखांचे गर्डर अशा सांध्यांनी जोडले. व्हर्जिनियातील टर्नर-फेअरबँक महामार्ग संशोधन केंद्रात बेन ग्रेबील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सांध्यांचे मोठे नमुने ओतून त्यांवर चाकांच्या भारासारखा भार लाखो वेळा दिला आणि शेवटी ते मोडेपर्यंत दाबले. सांधा असलेला नमुना अखंड ओतलेल्या स्लॅबइतकाच, किंवा त्याहून चांगला वागला. जोडलेली जागा अखंड जागेच्या तोडीची ठरणे ही बांधकामात सहज मिळणारी गोष्ट नाही.

प्रत्यक्ष जागेवर मात्र या पदार्थाला फार सांभाळावे लागते. मिक्सरमध्ये पाणी आणि रसायन घातल्यावर कितीतरी मिनिटे आतली पूड कोरडीच दिसते, आणि नव्या माणसाला पाणी कमी पडले असे वाटून आणखी ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. हळूहळू पुडीच्या गोळ्या होतात, मग एकाएकी सगळे मिश्रण सैल पडून मधासारखे वाहू लागते, आणि त्यानंतरच तंतू शिंपडतात. ते इतके वाहते की शटरिंगच्या बारीकशा फटीतूनही गळून जाते. ओतण्याआधी गर्डरची कड गुळगुळीत असून चालत नाही. कारखान्यातच त्या कडेला सिमेंट घट्ट होऊ न देणारे रसायन लावून, पाण्याच्या फवाऱ्याने वरचा थर धुऊन खडी उघडी केलेली असते. ती कड ओतण्यापूर्वी भिजवतात, नाहीतर कोरडे काँक्रीट नव्या मिश्रणातले आधीच मोजके असलेले पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो. पृष्ठभाग लगेच सुकून त्यावर जाड सुरकुतलेली साय धरते, म्हणून वरूनही झाकण लावतात, पट्टी थोडी जास्तच भरतात आणि घट्ट झाल्यावर वरचा भाग यंत्राने घासून सपाट करतात.

आणखी एक अडचण गर्डरांच्या स्वभावातली आहे. तारांच्या ताणामुळे प्रीस्ट्रेस्ड गर्डर मधोमध किंचित वर उचललेला असतो, आणि हा उंचवटा वयाप्रमाणे बदलत जातो. महिनाभर आधी ओतलेला आणि आठवड्यापूर्वी ओतलेला असे दोन गर्डर शेजारी ठेवले, तर मध्यावर त्यांच्या पंखांची पातळी जुळत नाही. सांधा भरण्यापूर्वी ते जॅक लावून किंवा आडव्या तुळईने दाबून समपातळीत आणावे लागतात.

मुंबई-पुण्याच्या मेट्रोमार्गांवर दिसणारी पेटीसारख्या तुकड्यांची जोडणी याहून वेगळी आहे. ते तुकडे पुलाच्या लांबीच्या दिशेने एकामागे एक लागतात. कारखान्यात प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला टेकवूनच ओतलेला असल्यामुळे दोघांची तोंडे तंतोतंत जुळतात. त्यांच्यामध्ये इपॉक्सीचा पातळ थर लावून आतून जाणाऱ्या केबलींनी सगळे आवळतात. अभियंते झाँ म्युलर यांनी फ्रान्समध्ये १९६२ साली श्वाझी-ल-र्वा इथे सीन नदीवरच्या पुलात हे करून दाखवले. तिथे सांधा मुख्यतः केबलींच्या दाबावर उभा असतो. शेजारशेजारच्या गर्डरांना असे आवळणारे बहुधा फारसे काही नसते, म्हणून तिथल्या १५ सेंटिमीटरना सगळे स्वतःच्या बळावर पेलावे लागते.

हे काँक्रीट साध्यापेक्षा कित्येक पट महाग आहे आणि सबंध पूल त्याचा बांधणे परवडणारे नाही. पण पुलातल्या एकूण काँक्रीटच्या मानाने सांध्यांत जाणारे प्रमाण अगदी अल्प असते. कोकणच्या किनाऱ्यावर रस्त्यात मीठ टाकत नाहीत, तरी खाडीवरचा वारा तेच मीठ आणून पुलाच्या अंगावर बसवतो आणि चार महिने पाऊस ते भेगांतून आत उतरवत राहतो. पाणी आत शिरू न देणाऱ्या सांध्याची किंमत तिथे प्रति घनमीटर दराऐवजी गर्डरच्या आयुष्याच्या वर्षांत मोजायला हवी.