व्हायरल व्हिडिओची पडताळणी : पद्धत कशी घडली

व्हायरल व्हिडिओ खरा की खोटा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण फसवणुकीसाठी फिरवल्या जाणाऱ्या कित्येक व्हिडिओंमध्ये काहीच बदललेले नसते. जुन्या किंवा भलत्याच ठिकाणच्या दृश्यांना फक्त नवा मथळा जोडलेला असतो. म्हणूनच पडताळणीची पद्धत घडली ती मुख्यतः ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ या दोन प्रश्नांभोवती.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी जुलैत लंडनमधील बॉम्बस्फोटांनंतर प्रवाशांनी मोबाइलवर टिपलेली दृश्ये वृत्तवाहिन्यांकडे येऊ लागली आणि अनोळखी माणसाने पाठवलेले चित्रण पारखून घेणे हे वृत्तकक्षाचे नित्याचे काम झाले. बनावटही सोबत आलीच. डिसेंबर २०१२ मध्ये गरुडाने उद्यानातून मूल उचलल्याचा व्हिडिओ जगभर गाजला. काही फ्रेममध्ये गरुडाची सावलीच नसल्याचे चाणाक्ष प्रेक्षकांनी दाखवले आणि तो माँट्रियलच्या अॅनिमेशन विद्यार्थ्यांचा उद्योग निघाला.

या पद्धतीचा कस लागला तो कॅमेरूनच्या प्रकरणात. दोन स्त्रिया आणि दोन मुलांना सैनिक गोळ्या घालत असल्याचा व्हिडिओ २०१८ मध्ये पसरला, तेव्हा सरकारने तो बनावट ठरवला. बीबीसीच्या पत्रकारांनी स्वतंत्र अभ्यासकांच्या मदतीने दृश्यातील डोंगररेषा उपग्रहचित्रांशी जुळवून देशाच्या उत्तर भागातील जागा शोधली, आणि घरांच्या बांधकामातील बदल व सैनिकांच्या सावल्यांचे कोन यांवरून घटनेचा काळ २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ असा निश्चित केला. पुढे २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. खऱ्या पुराव्याला खोटे म्हणणे किती सोपे असते, हे या प्रकरणात दिसले, आणि माझ्या मते बनावट पकडण्याइतकेच हेही पडताळणीचे काम आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या, खऱ्या वाटणाऱ्या बनावट दृश्यांसाठी डीपफेक हा शब्द २०१७च्या अखेरीस रूढ झाला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की शरणागती जाहीर करत असल्याचा व्हिडिओ आला, पण डोके आणि धड यांचा मेळच बसत नसल्याने तो लगेच उघडा पडला. आताची साधने इतकी ढोबळ चूक क्वचितच करतात, शिवाय संपूर्णपणे कृत्रिम दृश्यात शोधायला खरी जागाच नसते. म्हणून २०२१ पासून फाइलसोबतच तिच्या उगमाची सुरक्षित नोंद ठेवण्याच्या सामायिक मानकावर कंपन्या काम करत आहेत. मात्र स्क्रीन रेकॉर्डिंग केले किंवा फाइल दुसऱ्या मंचावर चढवली, की ही नोंद बहुधा गळून पडते.