रियू येतो म्हणजे केन येतोच का?

‘रियू येतो ना तुला? मग केनचं वेगळं काय शिकायचं?’ हे मला पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मीही मान डोलावली होती. स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये काही महिने मी फक्त रियू हे पात्र खेळत होतो. हादोकेन (हातातून फेकायचा गोळा), शोर्यूकेन (उसळी घेत मारायचा ठोसा), तात्सुमाकी (गिरकी घेत मारायची लाथ) हे त्याचे तिन्ही खास डाव बोटांत बसले होते. केन या दुसऱ्या पात्राकडेही हेच तिन्ही आहेत आणि इनपुटही, म्हणजे स्टिक आणि बटणांचा क्रमही, तोच. एका संध्याकाळी रियूच्या जागी केन निवडला आणि लागोपाठ अकरा मॅच हरलो. बाराव्या मॅचमध्ये समोरचा मधेच निघून गेला, तो विजय मी मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी रिप्ले बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की बोटं बरोबर चालत होती, मूव्ह हव्या तेव्हा निघत होत्या. घोळ असा होता की अकराही मॅच मी केनचे कपडे घालून रियूच खेळत होतो.

या गैरसमजाचा दोष थोडा खेळाकडेही जातो. १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरमध्ये पहिला खेळाडू म्हणजे रियू आणि शेजारी दुसरा येऊन बसला तर तो केन. फरक फक्त दिसण्याचा. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये निवडायला आठ जण आले, तरी हे दोघे जवळपास जुळेच राहिले. पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन एडिशनपासून वाटा फुटायला लागल्या. १९९३ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ मध्ये केनच्या जोरदार शोर्यूकेनने पेट घेतला, तर रियूला आगीचा हादोकेन मिळाला. कथेतही दोघे एकाच गुरूचे, गोकेनचे, शिष्य. रियूच्या कपाळावरची लाल पट्टी ही मुळात केनची केस बांधायची फीत. इतकं सगळं सामाईक असल्यावर लोक दोघांना एका माळेचे मणी समजले तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत.

खेळाडूंनी तर या घराण्याला नावच ठेवलंय, ‘शोटो’. ते शोतोकान कराटेवरून आलं. खऱ्या शोतोकानमध्ये कुणाच्या तळहातातून निळा गोळा निघत नाही, हा भाग सोडून देऊ.

आधी सामाईक काय ते बघू, कारण तेवढं खरंच फुकट मिळतं. हादोकेन म्हणजे खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच. शोर्यूकेन म्हणजे पुढे, खाली, खाली-पुढे आणि पंच. तात्सुमाकी म्हणजे खाली, खाली-मागे, मागे आणि किक. समोरच्याने उडी मारली की शोर्यूकेनने खाली पाडायचं, ही सवयही दोघांना सारखीच लागते. दोघांचं आरोग्य (ते संपलं की हार) दहा हजार, दोघांचा सर्वांत जलद ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो, आणि एका सेकंदात साठ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, असतात. ही यादी वाचून कुणालाही वाटेल की काम झालं.

पण इनपुटमध्येच एक खड्डा आहे आणि मी त्यात सरळ पडलो. तुम्ही पुढे चालताय, म्हणजे स्टिक आधीच पुढे दाबलेली आहे. तशीच ती खाली, खाली-पुढे, पुढे फिरवून पंच मारला तर खेळाला काय दिसतं? पुढे, खाली, खाली-पुढे. म्हणजे शोर्यूकेन. गोळा फेकायला गेलेला माणूस रिकाम्या हवेत झेपावतो आणि खाली येईपर्यंत समोरचा त्याची वाट बघत उभा असतो. पंचाच्या बाबतीत हे दोघांनाही लागू आहे आणि रियू खेळताना मी ते शिकलोही होतो, चालणं थांबवायचं, क्षणभर स्टिक मधे येऊ द्यायची, मग फिरवायची.

किकचं तसं नाही. खाली, खाली-पुढे, पुढे आणि किक केलं की रियू एक सरळ लाथ घालतो आणि केन जिनराई नावाची लाथ काढतो. ‘पुढे, खाली, खाली-पुढे आणि किक’ ही रियूकडे मूव्हच नाही, त्यामुळे चालता चालता गडबडीने स्टिक फिरवली तरी लाथ बरोबर निघते, चूक झाकली जाते. केनकडे मात्र त्या इनपुटवर ड्रॅगनलॅश बसवलेली आहे, हवेतून झेपावत येणारी मोठी लाथ. हातात जिनराई हवी होती, निघाली ड्रॅगनलॅश. रियूने माझी आळशी सवय महिनोन्‌महिने सांभाळून घेतली होती आणि केनने पहिल्याच दिवशी तिचा हिशेब मागितला.

आता खरा फरक, म्हणजे अंतर. रियूचा खेळ हादोकेनपासून सुरू होतो, पण हादोकेन लागावा म्हणून फेकतात असं वाटत असेल तर रियू अजून कळलेला नाही. मधल्या अंतरावर उभे राहा. एक गोळा फेका, समोरचा ब्लॉक करेल. दुसरा फेका, तो जागच्या जागी उडी मारून चुकवेल. आता त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो की तिसरा येईल तेव्हा पुढे उडी मारायची. इथे रियू तिसरा गोळा फेकतच नाही. अर्धं पाऊल पुढे-मागे करतो आणि थांबतो. समोरचा न फेकलेल्या गोळ्यावरून उडी मारतो आणि शोर्यूकेन त्याला हवेतच गाठतो. रियूचं अर्धं बळ त्या न फेकलेल्या गोळ्यात आहे. ते शिकायला बोटं लागत नाहीत, समोरच्याच्या पायांकडे बघायची सवय लागते.

सहाव्या खेळात रियूला डेंजिन चार्जही मिळाला आहे. खाली-खाली आणि पंच केलं की तो क्षणभर थांबून अंगात वीज भरून घेतो. मग पुढचा हादोकेन दोन वेळा लागतो, म्हणजे समोरून आलेल्या साध्या गोळ्याला खाऊन पुढे जातो. त्याच विजेवर हाशोगेकी हा तळहाताचा धक्काही जास्त जड होतो आणि समोरच्याने ब्लॉक केला तरी पुढची पाळी रियूचीच राहते. पण चार्ज करायला वेळ लागतो आणि तो वेळ कमवावा लागतो. समोरचा आडवा पडलाय, किंवा लांब आहे आणि उडी मारायला घाबरतोय, तेव्हाच. म्हणून रियू खेळणारा माणूस सारखा काहीतरी साठवत असतो, अंतर, भीती, वीज.

केनला साठवणं जमत नाही. हादोकेन त्याच्याकडेही आहे, पण रियूइतका भरवशाचा नाही, फेकल्यावर सावरायला त्याला जास्त वेळ लागतो. केनने स्टेजच्या एका टोकाला उभं राहून गोळे फेकत राहणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. माझ्या अकरा पराभवांत मी हेच करत होतो. केनला समोरच्याच्या अंगावर जायचं असतं आणि त्याची सगळी सामग्री त्यासाठीच आहे. दोन किक एकदम दाबल्या की तो धाव घेतो. त्या धावेतून शोर्यूकेन, तात्सुमाकी, ड्रॅगनलॅश निघतात आणि धावेतले हे अवतार उभ्याने काढलेल्यांपेक्षा दांडगे असतात. किंवा हलकी किक दाबून तो अचानक थांबतो. समोरचा फटका येणार म्हणून गोठून ब्लॉक धरून बसलेला असतो आणि केन शेजारी उभा राहून त्याला उचलून आपटतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीत एकटाच हसलो होतो.

जिनराईचं प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. एक लाथ, मग तिच्या तीन शाखा. पुढे आणि हलकी किक दाबली तर नडगीवर बसणारी लाथ, ती बसूनच ब्लॉक करावी लागते. मधली दाबली तर वरून कुऱ्हाडीसारखी येणारी लाथ, ती उभं राहूनच अडते. जड दाबली तर तिसरीच. शिवाय चौथी शाखा म्हणजे काहीच न दाबणं. माझ्या एका मॅचमध्ये समोरचा कोपऱ्यात अडकला होता आणि सवयीने बसून ब्लॉक करत होता. पहिल्यांदा मी नडगी मारली, त्याने अडवली. दुसऱ्यांदा कुऱ्हाड घातली, ती डोक्यात बसली. तिसऱ्यांदा जिनराई घालून गप्प बसलो. तो बिचारा उभं राहू की बसू या विचारात तसाच थिजला आणि पाळी खरं तर त्याची असूनही मीच पुन्हा सुरू झालो. रियूच्या तिसऱ्या गोळ्यासारखाच हाही न केलेला वार, पण तो एका हाताच्या अंतरावर, पाव सेकंदात ठरवायचा. चुकीची शाखा ब्लॉक झाली तर सडकून मार खायची तयारी हवी.

तात्सुमाकीचं नाव एक, पण उपयोग वेगळा. रियूची बसली की माणूस पडतो आणि रियूला श्वास घ्यायला, चार्ज करायला सवड मिळते. केनची एकामागून एक फटके देत माणसाला कोपऱ्याकडे ढकलत नेते. रियूला मधला रिकामा भाग हवा असतो. केनला भिंत हवी असते.

याचा परिणाम ड्राइव्ह गेजवर, म्हणजे खास हालचालींसाठी खर्च होणाऱ्या साठ्यावर, होतो. सहा पट्ट्या असतात. पॅरीतून (येणारा फटका झटकायच्या पवित्र्यातून) ड्राइव्ह रश, म्हणजे पुढे वेगाने मुसंडी, घ्यायला एक पट्टी जाते आणि फटक्याच्या मधूनच रश घ्यायला तीन. केन त्या तीन पट्ट्या हसत उधळतो, कारण कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले फटके, संपेपर्यंत समोरचा भिंतीला टेकलेला असतो. तसाच हात रियूने सैल सोडला तर पट्ट्या संपून तो बर्नआउटमध्ये जातो, ब्लॉक केल्यावर अडकून राहण्याचा वेळ वाढतो, ब्लॉक करतानाही आरोग्य झिजतं, आणि त्याचा सगळा संयमाचा धंदा बुडतो. मी केन खेळताना पट्ट्या वाचवत होतो. रिप्लेमध्ये स्पष्ट दिसत होतं, हरताना माझ्याकडे चार-चार पट्ट्या शिल्लक!

खेळाचे नियम बदलले की यांच्यातला वजनदार कोण तेही बदलतं. दाइगो उमेहारा हा जपानी खेळाडू याचं उत्तम उदाहरण आहे. २००४ साली कॅलिफोर्नियात झालेल्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत तो थर्ड स्ट्राइकमध्ये, म्हणजे स्ट्रीट फायटर ३ च्या एका आवृत्तीत, केन खेळत होता. आरोग्य इतकं संपलेलं की ब्लॉक केलेल्या फटक्यानेही मॅच गेली असती. समोरच्या जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राने आपला सुपर, म्हणजे सर्वांत जबर हल्ला, सोडला आणि दाइगोने त्यातले पंधराच्या पंधरा फटके पॅरी करून मॅच फिरवली. (स्पर्धा मात्र तो जिंकला नाही, हे सांगायला लोक विसरतात.) हाच माणूस २००९ आणि २०१० मध्ये स्ट्रीट फायटर ४ मध्ये इव्हो जिंकला तो रियू घेऊन. मला यात खेळाडूच्या लहरीपेक्षा खेळाचा नियम दिसतो. थर्ड स्ट्राइकमध्ये पॅरी आहे, म्हणजे पुढे दाबून गोळा फुकटात झटकता येतो, मग गोळ्यावर संसार थाटणाऱ्या रियूचं कसं भागणार? चौथ्या खेळात तशी पॅरी नव्हती आणि हादोकेनचा भाव वधारला. सहाव्यात पॅरी पुन्हा आली आहे, ड्राइव्ह गेजला बांधलेली. रियूच्या हाती वीज देण्याची गरज का पडली असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

मग आधी कुणाला शिकावं? ‘सुरुवात रियूपासून’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मला तो अर्धाच पटतो. रियू उडी बघायला शिकवतो, अंतर शिकवतो, हे खरं. पण तो नवख्याला हरवतोही खूप, कारण त्याचे डाव समोरचा विचार करणारा असेल तरच चालतात. अंदाधुंद उड्या मारणाऱ्याला न फेकलेल्या गोळ्याची भीती कसली? केनच्या कुऱ्हाडीला खालच्या रँकमध्ये झटपट फळ मिळतं आणि तिथेच माणूस बिघडतो, जिनराईवर जिनराई घालत सुटतो, शोर्यूकेनने उडी पाडायची सवय लागतच नाही. ज्याला थांबायला आवडतं त्याने रियू घ्यावा. ज्याला थांबवत नाही त्याने केन घ्यावा, पण पहिले काही दिवस जिनराईला हात न लावता फक्त उड्या पाडाव्यात. मॉडर्न कंट्रोल या सोप्या पर्यायावर स्पेशल मूव्ह एका बटणाने निघतात, त्यांचं डॅमेज वीस टक्के कमी होतं, पण बोटांची अडचण पहिल्याच दिवशी बाजूला झाल्याने हा अंतराचा फरक लवकर अंगावर येतो. मला तो फायदाच वाटतो.

आणि रियूवरून केनकडे येणाऱ्यांसाठी, मी केलं ते एवढंच. ट्रेनिंग मोडमध्ये समोरचा बाहुला बसून ब्लॉक करायला लावला, मिडियम पंच-हेवी पंच ही जोडी मारली आणि तिच्यातून धाव, हलक्या किकने थांबणं, थ्रो (उचलून आपटणं). पन्नास वेळा. मग चालत चालत जिनराई; चुकून ड्रॅगनलॅश निघाली की मोजणी पुन्हा शून्यापासून. पहिल्या दिवशी सलग चारच्या पुढे गेलो नाही. मॅच खेळताना हादोकेनच्या बटणावरून अंगठा उचलून ठेवला, अगदी शब्दशः. पाचव्या दिवशी एका रियूशी गाठ पडली. त्याने एक गोळा फेकला, दुसरा फेकला आणि मग अर्धं पाऊल मागे घेऊन थांबला. तो कशाची वाट बघतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उडी मारली नाही, दोन्ही किक दाबल्या.