मदतीचा जलसा (वऱ्हाड)

गरीब विद्यार्थ्यांची फी, पुस्तके आणि परीक्षेचा खर्च यांसाठी रोख रक्कम जमवण्याच्या हेतूने वऱ्हाडातील कसब्यांत व मोठ्या खेड्यांत केला जाणारा गायनाचा, कीर्तनाचा किंवा नाटकाचा कार्यक्रम. ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत रूढ झाली असावी. ‘मदतीचे कीर्तन’, ‘मदतीचा खेळ’, ‘गायनसभा’ ही तिचीच निरनिराळी नावे होत.

‘जलसा’ हा अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘बसणे’, त्यावरून ‘बैठक’ असा आहे. निजामाच्या अंमलामुळे वऱ्हाडी बोलीत असे शब्द आधीपासून घरचे झालेले होते. तथापि, एकोणिसाव्या शतकात ‘जलसा’ म्हटले की नायकिणीचे गाणे डोळ्यांपुढे येई. शाळकरी मुलांसाठी पैसा मागणाऱ्या मंडळींना तो शब्द अवघड वाटत असावा, आणि ‘गायनसभा’ हे सोवळे नाव त्यामुळेच पुढे आले असावे. सत्यशोधक जलसा हा वेगळा प्रकार आहे. त्याचा उद्देश समाजप्रबोधन हा असून घडण तमाशाच्या अंगाने झालेली आहे. दोहोंची गल्लत करू नये.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६० नंतरच्या दशकात सरकारी शाळांचे जाळे विणले जाऊ लागले. हायस्कुले मात्र दीर्घकाळ अमरावती आणि अकोला या दोनच ठिकाणी होती. कॉलेज तर एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात एकही निघाले नाही. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये व मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजासाठी १९२३ उजाडावे लागले. चिखली-मेहकरकडच्या किंवा वणी-पांढरकवड्याकडच्या हुशार मुलाला मराठी शाळा संपताच गाव सोडणे भाग पडे. परगावी त्याच्या पोटाची व्यवस्था वारावर (आठवड्याच्या ठरल्या दिवशी ठरल्या घरी जेवून) किंवा माधुकरीवर (घरोघर शिजलेले अन्न मागून) होई, आणि निजण्यापुरती एखाद्या वाड्याची ओसरी नाहीतर देवळाची पडवी मिळे. पंगतीत एक पान वाढवणे शेतकरी घराला जड नव्हते, कारण जवारी आणि तूर घरचीच असे. फी, कोश, परीक्षेची रक्कम आणि आगगाडीचे भाडे यांना मात्र नाणेच लागे. खेड्यात नाणे कापूस विकला जाई तेवढ्या दिवसांतच खेळे. वाराने भागत नसलेली ही रोकडीची नड मदतीच्या जलशाने भागवली. त्याचा विचार नुसता करमणुकीच्या इतिहासात करून चालणार नाही.

या चालीच्या उगमाविषयी दोन प्रकारे विचार करता येतो. पहिल्या मतानुसार ती नाटकमंडळ्यांबरोबर मुंबईकडून आली. इंग्रजी रंगभूमीवर एखाद्या रात्रीचे उत्पन्न ठरलेल्या व्यक्तीला किंवा कार्याला देण्याचा प्रघात जुना आहे. १८४६ मध्ये मुंबईत ग्रँट रोडचे नाट्यगृह उभे राहिले. सांगलीस १८४३ मध्ये मराठी नाटकाचा पाया घालणारे विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. पुढे फिरत्या मंडळ्या मुक्कामाच्या गावी शाळेच्या किंवा वाचनालयाच्या मदतीसाठी एखादा खेळ देऊ लागल्या. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचल्यावर मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठिकाणे त्यांच्या वाटेवर आली. या मताला तारखांचा आधार असला, तरी त्यावरून स्टेशनाजवळच्या कसब्यांचाच उलगडा होतो. यवतमाळपर्यंत लोहमार्ग पोचला तोच विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यामुळे आतल्या गावांतील मदतीच्या कीर्तनांचा उगम नाटकमंडळ्यांत शोधणे ओढाताणीचे वाटते.

दुसरे मत कीर्तनपरंपरेकडे बोट दाखवते. अंजनगाव सुर्जीचे देवनाथ महाराज (१७५४–१८२१) आणि त्यांचे शिष्य दयाळनाथ (१७८८–१८३६) यांच्यामुळे वऱ्हाडात कीर्तनाची आवड आगगाडीच्या कितीतरी आधी रुजलेली होती. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण व उत्तररंगात आख्यान झाले की आरती होते, आरतीचे तबक फिरते आणि श्रोते यथाशक्ति नाणे टाकतात. मोबदल्याविषयीचे विधिनिषेध मात्र परंपरेपरंपरेनुसार बदलतात. नारदीय कीर्तनकाराला बिदागी देणे रीतीला धरून आहे. वारकरी कीर्तनाने मोबदला निषिद्ध मानला. जेथे कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, हा तुकोबांचा दंडक प्रसिद्धच आहे. तबकातली रक्कम वक्त्याच्या पदरी न पडता त्रयस्थ मुलाच्या फीकडे गेली, तर वारकऱ्याचा नेम मोडत नाही, नारदीय कीर्तनकाराचा मान वाढतो आणि देणाऱ्याला विद्यादानाचे पुण्य लाभते. खेड्यात ही चाल विनासायास रुचली ती या सोयीमुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कसब्यातल्या तिकिटाच्या खेळापुरते पहिले मत स्वीकारण्यास हरकत नाही.

पैसा उभा करण्याच्या रीतीही यावरून वेगळ्या पडतात. कसब्यात तिकीट असे. खेड्यात दारावर पैसे मागणे अप्रशस्त मानले जाई, म्हणून आधी पट्टी (वर्गणीची यादी) काढून पाटील, देशमुख, सावकार व अडते यांचे आकडे घातले जात आणि उरलेले तबकात येई. आकडा मोठ्याने वाचून दाखवला की पुढचा आकडा त्याहून कमी पडत नसे.

हंगाम कापसाचा. सीतादही (वेचणीच्या आरंभीची शेतातली पूजा) होऊन वेचणी सुरू झाली की गाड्या बाजाराकडे लागत, आणि कार्तिकापासून होळीपर्यंत घरात चार पैसे असत. खामगावच्या कापूसबाजारापर्यंत १८७० मध्ये लोहमार्गाचा फाटा आला. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१–६५) चढलेले भाव तोवर उतरले होते, तरी रोकड व्यवहाराची सवय मागे राहिली होती. जागा देवळाच्या सभामंडपाची, वाड्याच्या चौकाची किंवा पुढच्या काळात जिनाच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवाराची असे. उजेड समया, दिवट्या आणि रॉकेलचे दिवे यांचा होता. गॅसबत्ती विसाव्या शतकातली आहे, त्यामुळे जुन्या जलशाच्या आठवणीत ती आली तर आठवण पुढच्या काळातली समजावी. साथीला टाळ, झांज, चिपळ्या व मृदंग असत. गाण्याच्या बैठकीत तबला व सारंगी येई. हातपेटीचा (हार्मोनियमचा) प्रसार शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतला आहे. तिच्यामुळे गावचा हौशी गवई सारंगियावाचून गाऊ लागला आणि बैठकीचा खर्च उतरला. सारंगियाच्या बिदागीतून वाचलेला पैसा मुलाच्या हाती पडला, हा या वाद्याचा एक दुर्लक्षित उपकार होय. सारंगीची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) पेटीत नाही ही जाणकारांची तक्रार खरी असली, तरी ती या संदर्भात गौण ठरते.

शिक्षणखाते आणि रंगभूमी यांचा संबंध वऱ्हाडात एका व्यक्तीत एकवटलेला दिसतो. विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३) हे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात थोर पदाला चढले आणि शेक्सपिअरची नाटके मराठीत उतरवणाऱ्या आरंभीच्या लेखकांतही त्यांची गणना होते.

मदत कोणाला मिळे हा प्रश्न टाळता येत नाही. वार आणि माधुकरी यांना सोवळ्याची कुंपणे होती. कुणबी, माळी, तेली यांच्या मुलांना ब्राह्मणाच्या पंगतीत वार मिळणे कठीण, आणि महार-मांगांच्या मुलांना तर ओसरीही बंद. रोख रकमेला विटाळ नसतो, त्यामुळे जलशाचे उत्पन्न तत्त्वतः कोणालाही देता आले असते. प्रत्यक्षात आकडे घालणारे आणि मुले निवडणारे एकच असल्याने मदत बहुधा त्यांच्याच ओळखीपाळखीत फिरत असावी. ही उणीव पुढे वसतिगृहांनी भरून काढली.

पूर्व विदर्भात मालगुजारीची (गावचा सारा जमीनदारामार्फत वसूल करण्याची) पद्धत होती आणि करमणुकीचे प्रकारही निराळे होते. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात) भाऊबीजेनंतर मंडया म्हणजे जत्रा भरतात व त्यांत दंडार हे लोकनाट्य होते. खडी गंमत हा तमाशासारखा लोकनाट्यप्रकार भंडारा-नागपूरकडे अधिक. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत सर्वत्रच वर्गणीचा ओघ अन्नछत्रांकडे वळणे साहजिक होते.

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनाच्या जोरावर धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः पैशाला हात न लावण्याचा त्यांचा नेम होता. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. वसतिगृहात राहणे-जेवणे एका छपराखाली आले, तेव्हा वार मागणे थांबले. तबक मात्र शाळेच्या इमारतीसाठी पुढेही फिरत राहिले.